नांगर, एक नग

तीस वर्षं मी पाण्याची पातळी लिहिली
येलदरीच्या कॅम्पात, निळ्या रेघांच्या वहीत,
सकाळी आठ, संध्याकाळी पाच.
पाण्याला बोट लावायचं काम नव्हतं.

निवृत्तीच्या पैशातून होडी बांधली.
लोक म्हणाले, मासे धरणार? म्हटलं, नाही.
वाळू? नाही.
मग कशाला?
याच्यावर मी नुसताच हसायचो.
बायकोनं एवढंच विचारलं,
आतून रंग कुठला देणार?

डोलकाठी जुन्या बोअरच्या पाइपाची.
दोर वसमतच्या केळीच्या ट्रकवरचे,
कप्पी विहिरीची, अजून कुरकुरते.
शीड जिंतूरच्या मुनीर टेलरनं शिवलं
वाढदिवसाच्या फ्लेक्सचं, दुहेरी टीप घालून,
शुभेच्छा आतल्या अंगाला.
तरी वारा भरला, ऊन मागून आलं की दिसतो
कुण्या भाऊंचा अर्धा चष्मा
आणि 'हार्दिक'.

नांगर तेवढा राहिला होता.
दगड बांधून भागवायचो, पण दगड घसरतो.
एकदा दुपारी डोळा लागला
आणि उठलो तर समोर सेनगावाकडचा काठ.
मग रत्नागिरीहून मागवला : चार नख्यांचा, बारा किलो.
तो फाल्गुनात निघाला
आणि जिंतूरच्या ट्रान्सपोर्टात पोचला
तेव्हा सगळंच बंद झालं होतं.

आदेशात पानटपरी होती, सलून होतं, आठवडी बाजार,
आणि त्यांच्या खाली 'नौकाविहार'.
अख्ख्या तालुक्यात तो शब्द
माझ्या एकट्यासाठीच टाइप झाला असणार.

तहसीलच्या खिडकीत, काचेमागं, एक पोरगी.
काय आणायचंय?
नांगर.
तिनं मान वर केली नाही. शेतीची अवजारं चालत होती.
शिक्का : नांगर, एक नग.
मी खोटं बोललो नाही.
पुढचं बोललो नाही, इतकंच.

येताना नाक्यावर बांबू आडवा.
'कुठं जायले, काका?'
होमगार्डनं कॅरियरवरचं पोतं उघडायला लावलं.
कागद पाहिला, नख्या पाहिल्या, परत कागद.
'ह्याला बैल कुठं जुंपायचे?'
'जुंपत नसतात. हा थांबायसाठी असतो.'
'थांबायला एवढं लोखंड?
आम्ही तर एका काठीवर तालुका थांबवलाय.'
मास्क हलला. हसला असावा.
बांबू वर गेला.

उभ्या होडीबद्दल आदेशात काही नव्हतं.
चाळीस वल्ही आत गेलो, नांगर सोडला.
दोर ताणला, आणि होडी
वाऱ्याकडं तोंड करून उभी राहिली
दावणीच्या गायीसारखी.
रोज संध्याकाळी जाऊन बसायचो तिथं,
कुठंही न जाता.

चौथ्या की पाचव्या दिवशी काठावरून हाक आली.
चाकणहून चालत निघालेले तिघं.
त्याच्या डोक्यावर टेबलफॅन, तिच्या कडेला गाठोडं,
पोरगं अनवाणी, हातात कुकरची शिट्टी.
पुलावर जिल्हाबंदी. गाव पलीकडं,
बोटानं दाखवता येईल इतकं.

मी आधी दोन मीटर मागं सरकून बसलो.
मग आठवलं, होडीच अकरा फुटांची.

नांगर चिखलात रुतला होता.
त्यानं न सांगता दोराला हात घातला,
दोघांनी मिळून उपसला.
नख्या बघून म्हणाला,
'आमच्याबी घरी हाय एक. मोडका.'

दिवस बुडताना शीड चढवलं.
पोरानं अक्षरं लावली, हा... र्दि...
आणि तिथंच, टेबलफॅनला टेकून, झोपलं.
कप्पी कुरकुरत होती. पलीकडं कुत्री भुंकू लागली.
बाईनं फळीवरून हात फिरवला,
रंग चांगलाय म्हणाली, आतून.